अकाल तख्तासमोरचे रणगाडे : ऑपरेशन ब्लू स्टारचा प्रकरण अभ्यास

सुवर्णमंदिर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सरोवराच्या मधोमध उभं असलेलं, सोन्याने मढवलेलं हरमंदिर साहिब येतं. संकुलात ठाण मांडलेल्या जर्नेलसिंग भिंद्रनवाले आणि त्यांच्या हत्यारबंद माणसांविरुद्ध भारतीय सैन्याने केलेली कारवाई म्हणजे ऑपरेशन ब्लू स्टार. त्यात 6 जून 1984 च्या पहाटे रणगाड्यांच्या तोफांची तोंडं हरमंदिराकडे वळलेली नव्हती. ती वळली होती त्याच्या समोरच्या इमारतीकडे, अकाल तख्ताकडे. हरमंदिरावर काहीही झालं तरी गोळी चालवायची नाही, असा जवानांना सक्त हुकूम होता. तो पाळताना काही जवान मेलेही. कारवाईनंतर सरकार पुन्हा पुन्हा सांगत राहिलं की हरमंदिर साहिब शाबूत आहे. सांगणाऱ्यांना मनापासून वाटत होतं की मुख्य ते वाचलं, शेजारची एक इमारत गेली.

या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक मला इथे दिसते. ती लष्करी नव्हे, समजुतीची आहे.

पाचवे गुरू अर्जन देव यांनी हरमंदिर बांधलं आणि 1604 मध्ये तिथे आदिग्रंथाची प्रतिष्ठापना केली. 1606 मध्ये जहांगीरच्या हुकमाने लाहोरला त्यांचा छळ करून अंत झाला. त्यांचे पुत्र हरगोबिंद गादीवर आले ते दोन तलवारी बांधून. एक पिरीची, म्हणजे अध्यात्माची, आणि दुसरी मिरीची, म्हणजे ऐहिक सत्तेची. त्याच वर्षी त्यांनी हरमंदिरासमोर चौथरा बांधला. दिल्लीचं तख्त नाशिवंत, हे अकाल पुरुषाचं, म्हणजे परमेश्वराचं, तख्त. पंथाचे निर्णय तिथे होतात, हुकूमनामे तिथून निघतात, चुकलेल्याला शिक्षाही तिथेच होते. महाराजा रणजितसिंगांनाही या तख्तापुढे मान खाली घालून उभं राहावं लागलं, असं शीख परंपरा अभिमानाने सांगते. मराठी वाचकासाठी ढोबळ उपमा द्यायची तर पंढरपूरचं देऊळ आणि रायगडाची राजसदर एकाच आवारात, समोरासमोर आहेत अशी कल्पना करावी. देवळाला धक्का लागला नाही, फक्त सदर पाडली, असं कुणी सांगितलं तर आपल्याला काय वाटेल?

त्या सदरेवर भारतीय सैन्याला तोफा का डागाव्या लागल्या, त्याच आठवड्यात का, आणि रणगाड्यानेच का, एवढाच या अभ्यासाचा विषय आहे. खलिस्तान, म्हणजे शिखांचं वेगळं राष्ट्र, बरोबर की चूक, हा प्रश्न इथे घेतलेला नाही.

अर्धवट सुटलेली गणितं

मुंबईसह महाराष्ट्र 1 मे 1960 ला मिळाला. पंजाबी भाषकांचं राज्य व्हायला 1 नोव्हेंबर 1966 उजाडला, आणि तेही अर्धवट झालं. चंदीगड केंद्रशासित राहिलं आणि पंजाब-हरियाणा या दोघांचीही राजधानी बनलं. कोणती गावं कुणाची, हा घोळ उरला. भाषेच्या सीमेवर अडकलेलं गाव म्हणजे काय, हे बेळगावमुळे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. त्यात भर पडली रावी, बियास आणि सतलजच्या पाण्याच्या वाट्याची. हरितक्रांतीच्या गहू-भातावर उभ्या असलेल्या प्रांतात पाणी हा पोटाचाच प्रश्न होता.

शिखांचा पक्ष असलेल्या अकाली दलाने 1973 मध्ये आनंदपूर साहिब ठराव केला. केंद्राकडे संरक्षण, परराष्ट्र, चलन, दळणवळण एवढंच ठेवावं, बाकी राज्यांना द्यावं, असा त्याचा रोख होता. दिल्लीला त्यात फुटीरपणा दिसला, तर अकालींच्या मते ती संघराज्याची साधी मागणी होती. ठरावाची भाषा इतकी सैल होती की दोघांनाही आपापलं खरं करता आलं. गंमत म्हणजे 1977 ते 1980 अकाली सत्तेत होते तेव्हा त्यांनी हा ठराव कपाटातच ठेवला होता. सत्ता गेल्यावर तो बाहेर निघाला.

पंजाबात शिखांची संख्या सुमारे 60 टक्के. पण सगळे शीख अकालींना मत देत नाहीत, त्यामुळे एकट्याच्या बळावर सत्ता त्यांना सहसा मिळायची नाही. काँग्रेसचं गणितही यावरच चालायचं : अकालींची मतं थोडी जरी फुटली तरी बाजी आपली. ती फोडायला अकालींपेक्षा कडक धार्मिक बोलणारा कुणीतरी हवा होता.

टकसालीचा संत

जर्नेलसिंग भिंद्रनवाले 1977 मध्ये, वयाच्या तिशीत, दमदमी टकसाल या शीख धर्मशिक्षणाच्या जुन्या संस्थेचे प्रमुख झाले. गावोगावी फिरून ते तरुणांना दारू-अफू सोडायला, केस राखायला, अमृत छकायला, म्हणजे खालसा दीक्षा घ्यायला, सांगत. इथवर ते एक प्रभावी धर्मप्रचारक होते. पुढच्याच वर्षी, 13 एप्रिल 1978 च्या बैसाखीला, अमृतसरमध्ये, कर्मठ शिखांना पाखंडी वाटणाऱ्या निरंकारी पंथाच्या मेळाव्याविरुद्ध निघालेल्या जथ्याची आणि निरंकाऱ्यांची चकमक झाली. त्यात 13 शीख मेले. खटला हरियाणात कर्नालला चालला आणि 1980 च्या सुरुवातीला निरंकारी प्रमुख गुरबचनसिंग यांच्यासह आरोपी निर्दोष सुटले. त्याच एप्रिलमध्ये दिल्लीत गुरबचनसिंगांचा खून झाला. सप्टेंबर 1981 मध्ये ‘हिंद समाचार’ समूहाचे संपादक लाला जगत नारायण यांचा खून झाला आणि त्या प्रकरणी भिंद्रनवाल्यांवर वॉरंट निघालं.

ही अटक कशी झाली ते बघण्यासारखं आहे. त्यांनी तारीख आणि वेळ स्वतः ठरवून दिली आणि मेहता चौकातल्या आपल्या गुरुद्वारात, मोठ्या जमावासमोर, भाषण करून पोलिसांच्या स्वाधीन झाले. नंतर गोळीबार होऊन माणसं मेली. महिन्याच्या आत, 15 ऑक्टोबरला ते सुटले. पुरावा नाही, असं गृहमंत्र्यांनी संसदेत सांगितलं. ते गृहमंत्री म्हणजे ग्यानी झैलसिंग, पंजाबचे माजी मुख्यमंत्री. अकालींना शह देण्यासाठी झैलसिंग आणि संजय गांधी यांनीच या संताला वर आणलं, हा आरोप तेव्हापासून होत आला आहे आणि आरोप करणाऱ्यांत काँग्रेसच्या जवळचे लोकही होते. 1979 च्या, गुरुद्वारांचा कारभार पाहणाऱ्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीच्या निवडणुकीत भिंद्रनवाल्यांनी अकालींविरुद्ध उमेदवार उभे केले आणि बहुतेक पडले, हे तर नोंदलेलंच आहे. मतपेटीतून त्यांचं वजन कधीच सिद्ध झालं नाही. ते वाढलं अटकेतून, सुटकेतून आणि सरकारच्या गोंधळातून.

1982 च्या एप्रिलमध्ये इंदिरा गांधींनी कपुरी गावी, पंजाबातलं पाणी हरियाणाला नेणाऱ्या सतलज-यमुना जोडकालव्याचं काम सुरू केलं. 4 ऑगस्टला अकालींनी संत हरचंदसिंग लोंगोवाल यांच्या नेतृत्वाखाली धर्मयुद्ध मोर्चा पुकारला. मोर्चाचं केंद्र सुवर्णमंदिर संकुल. भिंद्रनवाले आधीच जुलैत संकुलातल्या गुरू नानक निवासात येऊन राहिले होते. त्यांचं आंदोलन मोर्चात मिसळलं आणि एकाच आवारात दोन नेते झाले. एकाचा भर वाटाघाटींवर, दुसऱ्याच्या आजूबाजूला हत्यारबंद पोरं.

वाटाघाटी झाल्या नाहीत असं नाही. त्या सतत चालू होत्या, कधी उघड, कधी गुप्त. 1982 च्या नोव्हेंबरात सरदार स्वर्णसिंगांच्या मध्यस्थीने जवळजवळ ठरलेला समझोता शेवटच्या क्षणी दिल्लीत फिरला. मग अकालींनी आशियाई खेळांच्या वेळी दिल्लीत निदर्शनांची घोषणा केली आणि मुख्यमंत्री भजनलालांच्या हरियाणा पोलिसांनी दिल्लीकडे जाणाऱ्या शिखांना वाटेत उतरवून झडत्या घेतल्या. पगडी दिसली की गाडी थांबव. त्यात निवृत्त सेनाधिकारीही होते. तोवर ज्यांना मोर्चाशी देणंघेणं नव्हतं, त्यांच्या मनातही त्या दिवसांत काहीतरी तुटलं.

फेब्रुवारी 1983 मध्ये इंदिरा गांधींनी काही धार्मिक मागण्या परस्पर मान्य करून टाकल्या : आकाशवाणीवरून कीर्तन, देशांतर्गत विमानात ठरावीक लांबीची कृपाण वगैरे. मागण्या किरकोळ होत्या आणि मान्य केल्या ते चांगलंच केलं. पण त्या लोंगोवालांच्या हातात देऊन मान्य केल्या असत्या तर त्यांना आपल्या लोकांपुढे दाखवायला काहीतरी मिळालं असतं. मवाळाच्या पदरात काही पडू द्यायचं नाही आणि मग जहाल वाढले म्हणून ओरडायचं, हा खेळ दोन वर्षं चालला.

पायऱ्यांवरचं प्रेत

या प्रकरणातला एकच दिवस निवडायचा झाला तर मी 25 एप्रिल 1983 निवडेन, जून 1984 मधला नव्हे.

पंजाब पोलिसांचे उपमहानिरीक्षक अवतारसिंग अटवाल, स्वतः शीख, त्या सकाळी हरमंदिर साहिबात माथा टेकायला गेले. प्रसाद घेऊन बाहेर पडत असताना प्रवेशद्वाराच्या पायऱ्यांवर त्यांना गोळ्या घातल्या. अंगरक्षक पांगले. जवळच पोलीस ठाणं होतं, बंदोबस्त होता. तरीही जिल्ह्यातल्या इतक्या मोठ्या अधिकाऱ्याचं प्रेत बराच वेळ तिथेच पडून राहिलं. उचलायला पुढे व्हायची पोलिसांची हिंमत नव्हती. शेवटी मुख्यमंत्री दरबारासिंगांना मंदिराच्या व्यवस्थापनाकडे विनवणी करावी लागली.

त्या दिवशी सगळा पंजाब हादरला होता, शीखसुद्धा. मंदिराच्या दारात, प्रसाद हातात असलेल्या शिखाचा खून झाला होता. भिंद्रनवाले तेव्हा गुरू नानक निवासात होते. ती परिक्रमेच्या, म्हणजे सरोवराभोवतीच्या प्रदक्षिणामार्गाच्या, बाहेरची, उतारूंच्या खोल्यांची इमारत होती. तिथे पोलीस शिरले असते तर गदारोळ झाला असता, पण तो काही तख्तावरचा हल्ला ठरला नसता. पोलीस पाठवायचा विषय निघाला. दिल्लीचा होकार आला नाही.

ऑक्टोबरात कपूरथळा जिल्ह्यात ढिलवांजवळ बस थांबवून 6 हिंदू प्रवाशांना वेगळं काढून ठार मारलं गेलं. दुसऱ्या दिवशी दरबारासिंगांचं, म्हणजे काँग्रेसचंच, सरकार बरखास्त होऊन राष्ट्रपती राजवट आली. यानंतर जे होईल ते थेट दिल्लीच्या खात्यावर जमा होणार होतं. आणि डिसेंबर 1983 मध्ये भिंद्रनवाल्यांनी मुक्काम हलवला. अटकेची भीती होतीच, शिवाय बब्बर खालसा या दुसऱ्या सशस्त्र गटाच्या माणसांशी खटके उडाले होते. ते गेले अकाल तख्तात. गुरू हरगोबिंदांच्या तख्ताच्या वरच्या मजल्यावर राहणं ही मर्यादेबाहेरची गोष्ट होती, खुद्द तख्ताच्या जथेदारांना, म्हणजे प्रमुखांना, ती पसंत नव्हती. पण प्रबंधक समितीचे अध्यक्ष गुरचरणसिंग तोहरा यांनी आडकाठी केली नाही, आणि लोंगोवालांमध्ये ती करण्याचं बळ उरलं नव्हतं.

एप्रिलमध्ये प्रश्न उतारूंच्या इमारतीचा होता, डिसेंबरात तो तख्ताचा झाला. इमारत बदलली तशी कारवाईची किंमतही बदलली, आणि हे दिल्लीत कुणी वेळेवर मोजल्याचं दिसत नाही.

मे महिना

पुढचे सहा महिने तख्ताचा किल्ला होत गेला. ते काम करणारा माणूस साधा नव्हता. मेजर जनरल शाबेगसिंग यांनी 1971 मध्ये मुक्तिवाहिनीला प्रशिक्षण दिलं होतं. 1976 मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपाखाली त्यांना निवृत्तीच्या आदल्या दिवशी बडतर्फ केलं गेलं. पुढे न्यायालयात ते सुटले, पण मनातली जखम भरली नाही. त्यांनी तख्ताच्या भिंतींत जमिनीलगत बंदुकीपुरत्या फटी ठेवल्या, तळघरं जोडली, आसपासच्या उंच इमारतींवर ठाणी बसवली. कारसेवेच्या आणि लंगरच्या ट्रकांतून हत्यारं आत जात होती आणि बाहेर निमलष्करी दलाचा पहारा होता.

वाटाघाटी मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालू होत्या. बाहेर खून चालूच होते. मेमध्ये जगत नारायण यांचे पुत्र आणि संपादक रमेशचंद्र यांनाही मारलं. लोंगोवालांनी 3 जूनपासून धान्य राज्याबाहेर जाऊ न देण्याची हाक दिली. देशाच्या गव्हाच्या कोठाराला कुलूप लागणार होतं, आणि वर्षाअखेरीला लोकसभेची निवडणूक होती. यातलं कशाचं वजन किती, हे ठरवणं अवघड आहे. निवडणुकीसाठी हल्ला केला असं म्हणणं मला भोळसट वाटतं आणि निवडणुकीचा विचारच नव्हता असं म्हणणं त्याहून भोळसट.

लष्करप्रमुख होते जनरल अरुणकुमार श्रीधर वैद्य. अलिबागचा जन्म, 1965 आणि 1971 अशा दोन्ही युद्धांत महावीरचक्र. पश्चिम कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल के. सुंदरजी मूळचे महार रेजिमेंटचे. प्रत्यक्ष कारवाई सोपवली गेली 9 इन्फंट्री डिव्हिजनचे मेजर जनरल कुलदीपसिंग ब्रार यांच्याकडे. ते शीख, आणि पलटण मराठा लाइट इन्फंट्री. 1971 मध्ये जमालपूरला 1 मराठाचं नेतृत्व त्यांनीच केलं होतं. सुंदरजींचे चीफ ऑफ स्टाफ रणजितसिंग दयाल हेही शीख, 1965 च्या हाजीपीर खिंडीचे वीर. समोर शाबेगसिंग. सगळे एकाच सैन्यात वाढलेले, एकमेकांना ओळखणारे.

आधी बोलणं होतं वेढ्याचं : मोठं सैन्य आणायचं, संकुल वेढायचं, आतल्यांना शरण यायला लावायचं. पंतप्रधानांचे प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर, म्हणजे पुढे आपल्याकडे राज्यपाल म्हणून आलेले, यांनी नंतर लिहून ठेवलं की मेच्या अखेरीस वैद्यांनी येऊन बेत बदलल्याचं सांगितलं : वेढा नको, आत घुसायचं आणि झटपट संपवायचं. या घाईमागची कारणं पोकळ नव्हती. वेढा लांबला असता तर गावागावांतून हजारो लोक अमृतसरकडे निघाले असते, सीमा जवळ होती, आणि सैन्यातल्या शीख तुकड्यांवर ताण आला असता. पण झटपट म्हणजे काही तासांत, हे गृहीत कशावर बेतलं होतं? शाबेगने काय बांधून ठेवलंय याची नीट माहिती हाती नव्हती.

आणि मुहूर्त. 3 जून 1984 हा गुरू अर्जन देवांचा शहीदी गुरुपर्व. ज्यांनी हरमंदिर बांधलं, ज्यांना दिल्लीच्या बादशहाने मारलं, त्यांच्या पुण्यतिथीला बायका-मुलांसह हजारो लोक दर्शनाला आलेले. 1 जूनला निमलष्करी दल आणि आतले यांच्यात तासन्‌तास गोळीबार झाला. 2 तारखेला इंदिरा गांधींनी रेडिओ आणि दूरदर्शनवरून देशाला उद्देशून भाषण केलं, वाटाघाटींचं आवाहनही केलं. तेव्हा सैन्य हलायला सुरुवात झालेली होती. 3 तारखेला संचारबंदी लागली, रेल्वे-रस्ते-फोन बंद झाले, पत्रकारांना पंजाबबाहेर काढलं. दर्शनाला आलेले आतच राहिले. लोंगोवालांच्या मोर्चात अटक करवून घ्यायला गावांतून आलेले जथेही सराईत, म्हणजे संकुलातल्या धर्मशाळेत, अडकले. 5 तारखेच्या संध्याकाळी ध्वनिक्षेपकांवरून बाहेर या म्हणून सांगितलं तेव्हा शंभरेक माणसं आली. बाकीच्यांना ते ऐकू आलं नाही, की गोळीबारात बाहेर पडायची भीती वाटली, की आतल्यांनी अडवलं? तिन्ही प्रकारच्या साक्षी आहेत आणि तिन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

5 आणि 6 जून

रात्री साडेदहाच्या सुमाराला 10 गार्ड्स उत्तरेच्या दरवाजातून पायऱ्या उतरून परिक्रमेत शिरले आणि दोन्ही बाजूंनी गोळ्या आल्या, त्याही गुडघ्याच्या उंचीवर. जमिनीलगतच्या फटींचा अर्थ तेव्हा कळला. पाय तुटून पडलेल्या जवानाला पुढची गोळी अंगात बसायची. या पलटणीचे कॅप्टन जसबीरसिंग रैना शीख होते, आदल्या दिवसांत साध्या वेशात आत जाऊन त्यांनी टेहळणीही केली होती. ते गंभीर जखमी झाले, पुढे अशोकचक्राचे मानकरी ठरले. पॅरा कमांडो अकाल तख्ताच्या समोरच्या मोकळ्या फरसबंदीपर्यंत पोहोचून पुन्हा पुन्हा मागे ढकलले गेले. दक्षिणेकडून मद्रास, कुमाऊं आणि गढवालच्या तुकड्या. संगमरवरी फरशीवर आडोसा असा नव्हताच, आणि डाव्या-उजव्या हाताला जे सोन्यासारखं चमकत होतं तिकडे गोळी मारायची नाही.

चिलखती गाडी आणली, ती रॉकेटने निकामी झाली. पहाट व्हायला आली. उजाडल्यावर परिक्रमेतले जवान उघडे पडणार होते. मग परवानगी मागितली गेली आणि विजयंता रणगाडे आत आले. आधी नुसत्या झगझगीत दिव्यांनी डोळे दिपवायचे असं चाललं होतं. नंतर मुख्य तोफेतून तख्तावर गोळे सुटले. दुपारपर्यंत अकाल तख्ताचा दर्शनी भाग आणि घुमट उद्ध्वस्त झालेला होता. 7 तारखेला तळघरात भिंद्रनवाले, शाबेगसिंग आणि भिंद्रनवाल्यांचे निकटचे साथीदार अमरीकसिंग यांचे मृतदेह सापडले. लोंगोवाल आणि तोहरा 6 च्या पहाटेच सराईच्या बाजूने सैन्याच्या ताब्यात आले होते. त्या सराईच्या अंगणात त्या रात्री जे मेले, त्यात हत्यार नसलेले कितीतरी होते.

सरकारने जुलैत श्वेतपत्रिका काढली. त्यात सैन्याचे 83 मृत आणि 249 जखमी, तर दुसऱ्या बाजूचे 493 मृत. या 493 चं शीर्षक ‘नागरिक/अतिरेकी’ असं एकत्र आहे. मधली ती तिरपी रेघ मी बऱ्याच वेळा वाचली आहे. कोण दर्शनाला आलेलं आणि कोण बंदूक घेऊन, हे वेगळं मोजलंच गेलं नाही. स्वतंत्र अंदाज कित्येक पटींनी वर जातात, काही हजारांपर्यंत. प्रेतं घाईने, ओळख न पटवता जाळली गेली आणि पत्रकार बाहेर होते, त्यामुळे कुठलाच आकडा आता कुणाला पटवून देता येत नाही.

शीख संदर्भ ग्रंथालय जळालं. दुर्मीळ हस्तलिखितं, हुकूमनामे, गुरूंच्या काळातल्या पोथ्या होत्या तिथे. लढाईत जळालं की नंतर, सगळं जळालं की काही तपास यंत्रणांनी पोत्यांत भरून नेलं आणि परत केलं नाही, यावर प्रबंधक समिती आणि केंद्र यांच्यात अजून पत्रापत्री चालते. ज्या ग्रंथात आपल्या नामदेवांची 61 पदं आहेत, त्याच्या जुन्या प्रतीही त्यात होत्या. नामदेवांचं घुमान, जिथे 2015 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, ते अमृतसरपासून फार लांब नाही.

नंतरचे धक्के

तेव्हाच्या बिहारमधल्या रामगढच्या शीख रेजिमेंटल सेंटरचे हजाराहून अधिक जवान शस्त्रं घेऊन अमृतसरकडे निघाले, त्यांच्या ब्रिगेडियरला त्यांनी मारलं. गंगानगरला 9 शीखमध्येही बंड झालं. सैन्याने ज्या भीतीपोटी वेढा टाळला, ती घाई केल्यानेच खरी ठरली. अमरिंदरसिंगांनी काँग्रेस आणि खासदारकी दोन्ही सोडली, खुशवंतसिंगांनी पद्मभूषण परत केलं. खुशवंतसिंग भिंद्रनवाल्यांचे कडवे टीकाकार होते, हे विसरू नये. तोवर राष्ट्रपती झालेले झैलसिंग 8 तारखेला संकुलात गेले, तेव्हा कुठल्याशा कोपऱ्यातून अजूनही गोळी येत होती. घटनेप्रमाणे ते तिन्ही दलांचे सरसेनापती. कारवाईची त्यांना आधी कल्पना दिली नव्हती असं ते पुढे सांगत.

मग सरकारने दुसरी चूक पहिल्यावर चढवली. निहंगांच्या, म्हणजे शस्त्रधारी शीख पंथीयांच्या, एका गटाचे प्रमुख बाबा संतासिंग यांना हाताशी धरून, सरकारी पैशाने, तख्ताची पुनर्बांधणी केली. पंथाने संतासिंगांना बहिष्कृत केलं आणि 1986 मध्ये ती नवी कोरी इमारत पाडून संगतीने, म्हणजे भाविकांनी, कारसेवेतून तख्त पुन्हा उभं केलं. सरकारला वाटलं होतं की दुरुस्ती केली म्हणजे राग जाईल. तख्त कुणाच्या हाताने बांधलं जातं, यालाच तर सगळा अर्थ होता. अब्दालीने 1762 मध्ये हरमंदिर सुरुंगाने उडवलं ते शिखांनी स्वतः बांधून काढलं, ही आठवण त्या समाजात कालची असल्यासारखी ताजी आहे. 1758 मध्ये राघोबादादांच्या फौजा सरहिंद-लाहोरला पोहोचल्या तेव्हा अब्दालीविरुद्ध शीख मराठ्यांच्या बाजूने लढत होते, ही आपल्या बाजूची आठवण मात्र अटकेच्या झेंड्याखाली दडून गेली.

31 ऑक्टोबरला इंदिरा गांधींची त्यांच्याच शीख अंगरक्षकांनी हत्या केली. त्यानंतरच्या तीन-चार दिवसांत दिल्लीत जे झालं त्याचा सरकारी आकडाच 2,733 आहे. तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, एका परिच्छेदात बसणारा नाही. जुलै 1985 मध्ये राजीव गांधी आणि लोंगोवाल यांचा करार झाला. महिन्याभरात लोंगोवालांनाही गोळ्या घातल्या गेल्या. चंदीगड आणि पाणी, दोन्ही प्रश्न आजही तिथेच आहेत.

वेगळं करता आलं असतं का?

या प्रश्नाला इतिहासाने एक उत्तर देऊन ठेवलंय, जरी ते पूर्ण जुळत नसलं तरी. मे 1988 मध्ये पुन्हा संकुलात अतिरेकी जमले होते. 9 मेला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे उपमहानिरीक्षक एस. एस. विर्क यांच्या जबड्यात गोळी लागली. हे महाराष्ट्र केडरचे अधिकारी, पुढे आपल्या राज्याचे पोलीस महासंचालकही झाले. या वेळी पोलीसप्रमुख के. पी. एस. गिल आणि राष्ट्रीय सुरक्षा दलाने वेढा घातला, पाणी-वीज तोडली, उंचावर नेमबाज बसवले आणि थांबले. पत्रकारांना हाकललं नाही, उलट बघू दिलं. काही जण हरमंदिरात घुसून बसले आणि आतल्या पावित्र्याचा भंग त्यांच्याच हातून झाला, तो जगाने पाहिला. 18 मेला शेवटचे लोक हात वर करून बाहेर आले. एकूण दोनशेच्या आसपास शरण आले.

म्हणून 1984 मध्येही असंच करायला हवं होतं, हे सांगणं सोपं आहे. मी ते तितक्या सहज म्हणणार नाही. 1988 मध्ये समोर शाबेग नव्हता, भिंद्रनवाल्यांसारखा हजारो लोक ज्याच्यासाठी निघतील असा माणूस नव्हता, आणि उन्हाळ्यातला गुरुपर्व नव्हता. शिवाय 1988 ची हुशारी 1984 च्या चुकीतून आली. पण एक फरक परिस्थितीचा नव्हता, नजरेचा होता. 1988 मध्ये आपण कुठल्या जागेसमोर उभे आहोत आणि ती जागा बघणाऱ्या शिखाला काय दिसेल, हे विचारात घेतलं गेलं.

2014 मध्ये ब्रिटिश सरकारची जुनी कागदपत्रं खुली झाली. फेब्रुवारी 1984 मध्येच दिल्लीच्या विनंतीवरून एक ब्रिटिश लष्करी सल्लागार येऊन गेला होता आणि त्याने अचानक, झपाट्याने, हेलिकॉप्टरने उतरून करायच्या कारवाईचा सल्ला दिला होता, असं त्यातून आणि नंतरच्या चौकशीतून कळलं. जूनमध्ये केलं ते तसं नव्हतं, हेही त्याच चौकशीने म्हटलं. मला त्यातली तारीख महत्त्वाची वाटते. फेब्रुवारीत लष्करी वाटेचा विचार सुरू होता आणि मेपर्यंत लोंगोवालांशी बोलणीही. दोन्ही अर्धवट. बोलणी इतकी गंभीर नव्हती की तडजोड निघावी आणि कारवाईची तयारी इतकी नव्हती की ती रणगाड्याशिवाय पार पडावी.

जनरल वैद्य 31 जानेवारी 1986 ला निवृत्त होऊन पुण्यात राहायला आले. 10 ऑगस्टला बाजारातून परतताना, स्वतः गाडी चालवत असताना, पत्नी शेजारी बसलेली असताना, कॅम्पातल्या राजेंद्रसिंहजी रस्त्यावर मोटारसायकलवरून आलेल्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. मारेकरी हरजिंदरसिंग जिंदा आणि सुखदेवसिंग सुखा यांना 9 ऑक्टोबर 1992 ला येरवड्यात फाशी झाली. मुंबईत गोरेगाव-मालाडच्या पूर्वेला जनरल अरुणकुमार वैद्य मार्ग आहे, रोज हजारो रिक्षा त्यावरून जातात. तिकडे अमृतसरला दरवर्षी 9 ऑक्टोबरला संकुलात जिंदा आणि सुखाच्या नावाने अखंड पाठाची समाप्ती होते, अरदास होते. आणि जून 2021 मध्ये प्रबंधक समितीने 1984 मध्ये हरमंदिर साहिबात होतं ते गुरू ग्रंथ साहिबांचं स्वरूप संगतीच्या दर्शनाला ठेवलं. त्याला लागलेली गोळी सोबत ठेवली होती.